वडील मार्शल, पोरं आरोपी: 'केहिल' (१९७३) आणि घरी नसलेला बाप

माळावरचा दगड

परवा झोप येईना म्हणून जॉन वेनचा 'केहिल, यू. एस. मार्शल' पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा अकरावीत होतो. थोरल्या भावाने लायब्ररीतून व्हिडिओ कॅसेट आणली होती, घासून घासून पडद्यावर कायम पाऊस. तेव्हा गोळीबार सोडून काही लक्षात राहिलं नाही. आता घरात सतरा वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे या वेळी गोळीबार सोडून बाकीचंच पाहत बसलो.

(पुढे रहस्यभेद आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे, तरी सांगून ठेवतो.)

जे. डी. केहिल हा टेक्सासातला मार्शल. बायको वारलेली. थोरला डॅनी मिसरूड फुटलेला, धाकटा बिली ज्यो अकरा-बाराचा. बाप महिनोन्‌महिने गुन्हेगारांच्या मागे घोड्यावर. पोरांनी बापाचं लक्ष वेधायचं म्हणा, सूड म्हणा, फ्रेझर नावाच्या दरोडेखोराशी संधान बांधलंय. फ्रेझरची टोळी आणि डॅनी किरकोळ दंग्यापायी कोठडीत आहेत. धाकटा गावात आग लावतो, सगळं गाव तिकडे धावतं, हा यांना कोठडीतून काढतो, बँक लुटली जाते आणि मंडळी पुन्हा कोठडीत येऊन बसतात. कुलूप बाहेरून! यापेक्षा पक्का पुरावा कुठला? फक्त एक गोष्ट ठरलेली नसते. लुटीत गावचा शेरिफ मरतो.

बाप परततो, आणि तपासाला बरोबर कोणाला घेतो? डॅनीला. पुढे भलतेच चार जण सापडतात आणि त्यांना फाशी ठोठावली जाते. पोरांना माहीत आहे की हे चौघं निर्दोष आहेत. बापालाही कुणकुण लागलेली आहे.

इथे मी अडकलो. संशय आल्यावर केहिल मुलांना धरून विचारत नाही. वाट बघतो. त्यांनी आपणहून यावं म्हणून. बाप म्हणून मला हे फार पटलं. पण तिकडे चार माणसं फासाची वाट बघत बसलीत, त्यांच्या जिवावर हा आपल्या पोरांना शहाणं करतोय, हेही डोक्यातून जाईना. तुम्हाला काय वाटतं?

अर्धाकटिंग

भारी लिहिलंय. पण काका, सिनेमा सुमार आहे हो. वेन तेव्हा साठी ओलांडलेला, एक फुप्फुस १९६४ सालीच काढलेलं, घोड्यावर चढतानासुद्धा कॅमेरा दुसरीकडे बघतो. बारा वर्षांच्या पोराचा बाप? आजोबा म्हणा.

रेवदंडा

सुमार असेल, पण नेव्हिल ब्रँडचा लाइटफूट विसरू नका. अर्धा कोमांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीचा, माग काढणारा. केहिलशी सतत वाद घालतो, टोमणे मारतो, आणि अख्ख्या सिनेमात केहिलशी बरोबरीने बोलणारा तो एकटाच. त्याच्या मरणाला मात्र सिनेमा पाच मिनिटंसुद्धा देत नाही. पोरांच्या चुकीची किंमत मोजली कोणी, तर त्याने. माझा राग तिथे आहे.

अवांतर: या सिनेमाच्या मागे कोण आहेत बघा. दिग्दर्शक अँड्र्यू मॅक्लॅग्लेन हा व्हिक्टर मॅक्लॅग्लेनचा मुलगा, म्हणजे वेनच्या जुन्या सहकलाकाराचा. निर्माता मायकेल वेन, खुद्द वेनचा थोरला. एका भूमिकेत हॅरी कॅरी ज्युनियर, त्याचेही वडील मूकपटांच्या काळातले काउबॉय नट. बापांच्या सावलीत वाढलेल्या लेकांनीच हा चित्रपट उभा केलाय. आणि धाकट्याचं काम करणारा क्ले ओब्रायन पुढे सिनेमा सोडून खरोखरच दोरीचा फास टाकणाऱ्यांत जगज्जेता झाला, एकदा नव्हे, सात वेळा.

वकीलकाकू

माझं नाव घेतल्याशिवाय राहवलं नसतंच कोणाला, म्हणून स्वतःच येते.

पहिली खोट: मार्शल हा केंद्र सरकारचा माणूस, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला. शेरिफ काउंटीने निवडून दिलेला. गावातल्या बँकेवर दरोडा आणि शेरिफचा खून हा टेक्सास राज्याचा गुन्हा. अमेरिकेत बँक लुटणं केंद्राच्या कायद्याखाली आलं १९३४ साली. म्हणजे केहिलसाहेब या तपासात आले ते केवळ नायक आहेत म्हणून. वेस्टर्नमध्ये हे चालतं, जसं आपल्याकडे सिनेमातला इन्स्पेक्टर कोर्टात उलटतपासणीही घेतो.

दुसरी, मोठी. डॅनीने गोळी झाडली नाही म्हणून तो सुटतो का? नाही. सगळे मिळून लुटायला गेले आणि त्यात माणूस मेला तर 'मी नाही मारलं' हे फारसं कामाला येत नाही. तिकडेही नाही आणि इकडेही नाही. आपल्याकडच्या दंड संहितेचं जुनं कलम ३४, सामायिक इरादा. आता न्याय संहितेत ३(५). धाकट्याचं वेगळं. सात ते बारा वयाच्या मुलाला आपण काय करतोय याची समज होती का, हे बघावं लागतं.

आणि बापाबद्दल. गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलमात आपल्याकडे एकच सूट आहे, नवरा-बायकोला. आईबापाला सूट नाही! मी हे पहिल्यांदा शिकले तेव्हा वर्गात कुजबुज झाली होती. सर म्हणाले, कायदा करणाऱ्यांना बहुधा मुलं नसावीत.

अर्धाकटिंग

काकू, तुम्ही सिनेमा बघताना पॉपकॉर्न खाता की कलमं?

वकीलकाकू

दोन्ही. मीठ कमी पडलं की कलम.

टेक्सासकर

उशिरा आलो, इथे आमची आत्ता सकाळ. डॅलसला राहतो, त्यामुळे आयडीवर हक्क सांगतो.

दगडसाहेब, तुमचा प्रश्न एका खऱ्या माणसाला पडला होता, आणि त्याने उत्तर सरळ दिलं. बास रीव्ह्ज. १८३८ साली आर्कान्सामध्ये गुलाम म्हणून जन्म. यादवी युद्धाच्या काळात मालकाकडून पळून इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, गेला आणि तिथल्या लोकांत राहून त्यांच्या भाषा शिकला. ही टेरिटरी आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथ गावच्या कोर्टाच्या हद्दीत यायची. १८७५ साली तिथे आयझॅक पार्कर न्यायाधीश म्हणून आला, डेप्युटी मार्शलांची मोठी भरती झाली, त्यात हा. वाचता येत नव्हतं. वॉरंट दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, तोंडपाठ करायचं आणि निघायचं. बत्तीस वर्षांत तीन हजारांवर अटका त्याच्या नावावर सांगितल्या जातात.

१९०२ साली मस्कोगी गावात त्याच्या मुलाने, बेनीने, स्वतःच्या बायकोला मारलं. वॉरंट निघालं. बाकी डेप्युटी ते घ्यायला तयार नव्हते, कसे होतील? बापाने वॉरंट स्वतः मागून घेतलं, मुलाला धरून आणलं. बेनीला जन्मठेप झाली, लेव्हनवर्थच्या तुरुंगात गेला, अकरा-एक वर्षांनी सुटला. बाप तोवर उरला नव्हता. जानेवारी १९१० मध्ये गेला, मूत्रपिंडाच्या आजाराने.

म्हणजे खऱ्या केहिलने वाट बघितली नाही.

माळावरचा दगड

अंगावर काटा आला. हे माहीत नव्हतं. पण मग तो बाप म्हणून कसा होता? घरी असायचा का?

टेक्सासकर

तेच सांगायचंय. गेल्या वर्षी फोर्ट स्मिथला जाऊन आलो, इथून साडेचार-पाच तास. पार्करची कोर्टरूम पूर्वीसारखी लावून ठेवलीय, खाली तळघरात जुना तुरुंग, बुटका आणि ओलसर. बाहेर वधस्तंभ पुन्हा बांधलेला आहे. पार्करने एकवीस वर्षांत १६० जणांना फाशी सुनावली, ७९ प्रत्यक्ष लटकले. मुलगी म्हणाली, बाबा, चला ना, इथे सेल्फी नको.

पण मला जास्त धक्का डेप्युटींच्या कमाईचा बसला. पगार नाही! वॉरंट बजावलं की साधारण दोन डॉलर. जाताना मैलाला सहा सेंट, कैदी घेऊन येताना मैलाला दहा. वरून मुख्य मार्शल आपला वाटा कापणार. आणि माणूस मेला तर फी नाही. त्यामुळे सिनेमातला केहिल जसा सुरुवातीलाच शेकोटीभोवतीच्या टोळीवर धाडधाड गोळ्या चालवतो, तसं करणारा खरा डेप्युटी कर्जात बुडाला असता.

कोर्टाचा इलाखा होता सुमारे ७४ हजार चौरस मैल. महाराष्ट्राच्या साठ टक्के धरा. घोडा आणि छकडा घेऊन निघायचं, एका फेरीत दहा-पंधरा माणसं गोळा करायची तरच खर्च निघायचा. एक माणूस धरून परत येणं परवडत नव्हतं. म्हणजे घराबाहेर जितके मैल जास्त तितके घरात पैसे जास्त. रीव्ह्जच्या घरात दहा लेकरं. तो घरी बसला असता तर उपाशी मेली असती. १८९६ मध्ये ही पद्धत बंद होऊन पगार सुरू झाले.

रेवदंडा

वा! हा धागा वाचनखूण. म्हणजे केहिलचा 'मी वाईट बाप आहे' हा सगळा पश्चात्ताप खरं तर हिशोबाच्या वहीत लिहायला हवा होता.

याच फोर्ट स्मिथच्या नोकरीतून डाल्टन बंधू निघाले हेही लिहून ठेवतो. थोरला फ्रँक डेप्युटी, १८८७ साली कर्तव्यावर मारला गेला. मग ग्रॅट, बॉब आणि एमेट यांनीही बिल्ला लावला, आणि थोड्याच वर्षांत तिघंही दरोडेखोर. १८९२ च्या ऑक्टोबरात कॅन्ससातल्या कॉफीव्हिल गावी एकाच वेळी दोन बँका लुटायला गेले, ग्रॅट आणि बॉब तिथेच संपले, एमेट अंगावर तेवीस जखमा घेऊन जगला. देणी थकली म्हणून कायदा सोडला असंही त्यांच्या बाबतीत म्हणतात. खाकी आणि फरारी यांच्यामध्ये तिथे एक कुंपण होतं, आणि ते फार उंच नव्हतं.

अर्धाकटिंग

बास रीव्ह्जवर २०२३ मध्ये मालिका आली ना? तीन भाग बघून सोडली. हळू आहे.

टेक्सासकर

हो, तीच. हळू आहे पण त्याला गुलाम म्हणूनही दाखवतात हे आवडलं. नाहीतर इथे लोक फक्त पांढरा घोडा आणि मिश्या सांगतात. आणि तो काही धुतल्या तांदळाचा नव्हता. १८८४ साली मोहिमेवर असताना त्याच्या हातून स्वतःचाच स्वयंपाकी मारला गेला. बंदूक चुकून उडाली असं त्याचं म्हणणं. १८८७ मध्ये पार्करसमोर खटला चालला, निर्दोष सुटला, पण वकिलांपायी साठवलेलं सगळं गेलं. मला वाटतं, मुलाला धरताना हेही त्याच्या मनात असणार. आपण कोर्टासमोर उभे राहिलो, मग याने का राहू नये.

वकीलकाकू

हे 'असणार' तुमचं आहे हं, त्याचं नाही. पण पटलं.

खारी बिस्किट

'शक्ती' आठवला नाही कोणाला? १९८२. दिलीपकुमार पोलीस अधिकारी, अमिताभ मुलगा. लहानपणी मुलाला गुंडांनी पळवलेलं असतं आणि फोनवर बाप कर्तव्याच्या बाजूने बोलतो, ते पोरगं ऐकतं. तिथेच सिनेमा संपलेला असतो, बाकीचे अडीच तास त्याची शिक्षा. माझ्या मते 'केहिल'पेक्षा दसपट चांगला, कारण शेवटी बाप गोळी झाडतो आणि सिनेमा त्यातून सुटका देत नाही. 'केहिल'मध्ये शेवटी फ्रेझरची टोळी आयती मारायला मिळते, बापलेक एका बाजूने लढतात, झालं, पोरं परत घरची.

रेवदंडा

+१. बाहेरचा व्हिलन हजर ठेवला की बापाला मुलाकडे बघावं लागत नाही.

निशिगंध

वाचत होते. लिहू की नको करत दोन दिवस गेले.

मी पोलीस लाइनीत वाढले. वडील हवालदार, जिल्ह्याच्या गावी. दोन खोल्या, संडास बाहेर, रांगेत बादल्या. वडील घरी असणं ही बातमी असायची. आई खुंटीकडे बघून सांगायची, टोपी आहे म्हणजे आलेत. गणपती, मोहरम, निवडणूक, आषाढी, मंत्र्यांचा दौरा. आमच्या घरी दिवाळी दिवाळीनंतर व्हायची. आता मुंबईत देवनार ठाण्यापासून २०१६ साली आठ तासांची ड्युटी सुरू झाली असं वाचलं तेव्हा मी आईला फोन केला. ती म्हणाली, आठ? मग उरलेल्या वेळात करतात काय?

मैलाचा हिशोब वाचून मात्र हसू आलं. वडील वारल्यावर ट्रंकेत प्रवासभत्त्याच्या बिलांच्या कार्बन प्रती सापडल्या. सगळ्या, तारखेनिशी. मी त्या लावून बघितल्या. माझी दहावी, पंढरपूर. आजी गेली, पंढरपूर. भाऊ पकडला गेला, तोही पंढरपूर बंदोबस्तातच.

भाऊ सोळाचा होता. तो आणि लाइनीबाहेरचा एक मुलगा रात्री स्कूटरींमधून पेट्रोल काढायचे, विकायचे. एका रात्री एका स्कूटरवाल्याने दोघांना धरून ठाण्यात आणलं. ठाण्यातले सगळे काका आमचेच. भावाला बाकावर बसवलं, चहा पाजला, आईला निरोप आला. वडील तीन दिवसांनी आले. मारलं नाही. त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवून स्कूटरवाल्याकडे नेलं, हात जोडायला लावले, पैसे भरले. गुन्हा नोंदला नाही.

दुसऱ्या मुलावर नोंदला. कोणाला तरी दाखवायचं होतंच. तो रिमांड होमला गेला.

सिनेमातले ते चार फाशीवाले वाचले आणि मला तो आठवला. दगडसाहेब, तुम्ही विचारलंत ना, केहिल वाट का बघतो. आमच्या घरी वाट बघितली नाही, लगेच मिटवलं. दोन्हीकडे दुसऱ्याचं पोर आत बसलं.

माळावरचा दगड

काय बोलावं कळत नाही. धागा काढताना मी फक्त माझ्या आणि मुलाच्या भांडणाचा विचार करत होतो. ते चौघं मला शेवटी शेवटी दिसले होते, तेही 'हे जरा खटकतं' इतपतच.

वकीलकाकू

निशिगंध, मी या विषयात पस्तीस वर्षं घालवलीत. एक सांगते, सांत्वन म्हणून नाही. एवढ्यातेवढ्यासाठी सोळाच्या मुलाला रिमांड होमला न पाठवणं हे चूक नव्हतं. तुझ्या वडिलांनी भावासाठी केलं ते योग्यच होतं. चूक एवढीच की ते दोनदा करायचं होतं.

निशिगंध

हो काकू. 'दोनदा' हा शब्द मला इतकी वर्षं सापडत नव्हता.

खारी बिस्किट

वडील यावर कधी काही बोलले?

निशिगंध

नाही. घरात तो विषय नव्हताच. भाऊ शिकला, आता दुसऱ्या राज्यात नोकरीला आहे. हा सिनेमा त्याला सुचवावा का, असा विचार करतेय, पण जॉन वेन बघून तो हसेल फक्त.

अर्धाकटिंग

ताई, सुमार आहे म्हणालो होतो ते मागे घेत नाही, पण आज रात्री परत बघणार आहे. ते चौघं कुठल्या प्रसंगात किती वेळ दिसतात ते मोजतो.

अर्धाकटिंग

बघितला. मोजायला बसलो आणि लाज वाटली. आपण पोरांचा चेहरा बघत राहतो, धाकटा आजारी पडतो तिकडे लक्ष जातं, आणि ते चौघं मागच्या मागे राहतात. दिग्दर्शकाने मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही. त्यालाही बहुतेक पोरंच दिसत होती.

निशिगंध, त्या दुसऱ्या मुलाचं पुढे काय झालं?

निशिगंध

माहीत नाही. त्याच्या आईची भज्यांची गाडी असायची, लाइनीच्या फाटकाशी, संध्याकाळी. वडील ड्युटीवरून लवकर आले तर तिथूनच पुडा आणायचे, कागदाला तेल सुटलेला. त्या पावसाळ्यानंतर गाडी दिसली नाही. आई म्हणायची, जागा बदलली असेल. आम्ही कोणीच फाटकाबाहेर जाऊन विचारलं नाही.